अठ्ठेचाळीस मिनिटं

काकू माहेरी गेली होती, म्हणून मोठ्या काकांना सोबत करायला आम्हा तिघांना पाठवलं होतं: मी, माझी धाकटी बहीण आणि आत्याचा मुलगा, ज्याला आम्ही दादा म्हणतो. जेवणं झाल्यावर दादाने मोबाइलवर गाणं लावलं. आदल्याच आठवड्यात त्याला एका बँडचा पहिला अल्बम सापडला होता आणि तेव्हापासून त्याने घरादाराचं डोकं खाल्लं होतं. डूम मेटल म्हणतात ते: मेटल, पण संथ. गिटार इतक्या जड, की कुणीतरी लोखंडी कपाट एकेक पायरी ओढत वर नेतंय असं वाटावं. आणि त्यावर एक गोड, रडवेली चाल.

धाकटी म्हणाली, या गाण्याची बॅटरी संपत आलीय.

काका मात्र पूर्ण गाणं ऐकत बसले. मग त्यांनी विचारलं, हा यांचा पहिलाच अल्बम का? दादा उडालाच. काकांना डूम मेटल माहीत असेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं. काका म्हणाले, त्यातलं मला काही कळत नाही, पण असल्याच एका अल्बममुळे एक माणूस माझ्याकडे आला होता. काका निवृत्त होईपर्यंत कानाच्या दवाखान्यात होते. लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं, हे त्यांचं काम.

"मोबाइल बंद कर," ते म्हणाले. "मग सांगतो."

त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. फर्निचरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्याचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. कुठली तार अर्धा केस उतरलीय हे तो बाहेर चहा पीत असताना सांगायचा. बायको वारलेली. घरी एकच मुलगी, सतरा वर्षांची, आणि ती त्याचा जीव की प्राण. ती शाळा-कॉलेजातून आली की दारातूनच बोलायला सुरुवात करायची, आणि हा हातातलं काम टाकून ऐकत बसायचा.

एक दिवस मुलीने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक सीडी आणली. ओल लागून फुगलेलं मुखपृष्ठ, आत बँडचं नाव, बाकी काही नाही. मुलीला असलं संगीत आवडायचं. तिने तीन दिवस तीच लावली. चौथ्या दिवशी म्हणाली, बाबा, यातल्या बाईचा आवाज ऐका, अंगावर काटा येतो.

कानसेनने मुखपृष्ठ पाहिलं आणि खाली बसला. तो अल्बम त्यानेच रेकॉर्ड केला होता, बावीस वर्षांपूर्वी. बँडचा पहिला आणि शेवटचा. जेमतेम शंभर प्रती निघाल्या होत्या.

"यात बाई नाही," तो म्हणाला. "पुरुष गातोय."

मुलगी हसली. "कानसेन म्हणे! बाबा, आधी कान तपासून घ्या."

त्याने हेडफोन लावला. त्याला पुरुषाचाच आवाज ऐकू आला. तिने त्याच क्षणी दुसरा हेडफोन लावला, आणि तिला बाईचा.

इथे काका थांबले. मग म्हणाले, बाई होती. आधी होती.

चष्म्याच्या दुकानात काम करायची ती. अल्बममधलं सगळं तिने लिहिलेलं, चाली तिच्या, आवाज तिचा. अकरा रात्री ती त्या स्टुडिओत गायली. तिच्या घशात गाठ होती, बारा तारखेला ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. पैसे घालणाऱ्या कंपनीने मात्र हट्ट धरला, की पुरुषाचा आवाज हवा, नाहीतर अल्बम निघणार नाही. बँड गप्प बसला. पण त्या टेपवर चोवीस ट्रॅक, म्हणजे चोवीस आवाज शेजारी शेजारी ठेवायला जागा, आणि एकही रिकामा नव्हता. नवा आवाज घ्यायचा तर जुना पुसूनच.

कानसेन तिला म्हणाला होता, तुमच्यावरच घ्यावं लागेल. काळजी करू नका, आधी कॉपी काढतो.

ती कबूल झाली. निदान गाणी लोक ऐकतील, आणि माझा आवाज माझ्यापाशी राहील, असं म्हणाली.

टेपची कॉपी काढायला गाणं जेवढं लांब तेवढाच वेळ लागतो. मोबाइलसारखं चुटकीसरशी होत नाही. तो अल्बम अठ्ठेचाळीस मिनिटांचा होता. रात्रीचे दोन वाजले होते, कानसेनला झोप येत होती. त्याने कॉपी काढलीच नाही. सकाळी गायक आला, आणि कानसेनने तिच्या आवाजावर त्याचा आवाज घेतला.

ऑपरेशननंतर ती आली. गळ्याला पट्टी. बोलता येत नव्हतं, म्हणून कागदावर लिहून कॉपी मागितली. खरं सांगायची याची छाती झाली नाही. त्याने तिच्या हातात कोरी टेप ठेवली. ती टेप छातीशी धरून जिना उतरली.

घरी जाऊन तिने ती लावली असेल. शेवटपर्यंत ऐकली असेल. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून...

धाकटी माझ्या जवळ सरकली.

"ती गेली त्याच हिवाळ्यात," काका म्हणाले. "हा गेला नाही तिला बघायला."

तर मुलीने बाईचा आवाज म्हटल्यावर कानसेनला चैन पडेना. मूळ टेप स्टुडिओच्या माळ्यावर होती. एकदा स्वतः लावून बघू, खात्री करू, घरी येऊन झोपू, एवढंच त्याच्या मनात. मंगळवार होता. अकरा नोव्हेंबर. किल्ली घेऊन तो निघाला तेव्हा रात्री बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मुलगी झोपेत म्हणाली, बाबा, लवकर या.

त्याने टेप चढवली. गायकाचा तेवढा ट्रॅक चालू ठेवला, बाकी तेवीस बंद. पुरुष गाऊ लागला. स्वच्छ, ठणठणीत. कानसेनला हसू आलं. मग त्याने तोही बंद केला.

आता खोलीत काहीच ऐकू यायला नको होतं.

श्वास ऐकू आला.

गाण्याआधी घेतात तसा. माइकच्या अगदी जवळून.

त्याने पाहिलं. चोवीसही ट्रॅकची बटणं खाली, म्हणजे बंद होती. तरी आवाज मोजणारा एक काटा हलत होता.

मग आवाज आला. गाणं नाही. साधं बोलणं. प्रत्येक गायक विचारतो तेच.

"चालू आहे का?"

काका म्हणाले, त्याची सगळी हयात त्या खुर्चीत गेली होती. हा प्रश्न त्याने हजारदा ऐकला असेल आणि हजारदा एकच उत्तर दिलं असेल. तोंडातून निघून गेलं.

"हो. घ्या."

लाल दिवा लागला. रेकॉर्डिंगचा.

त्याने हात लावला नव्हता.

"रिकामा ट्रॅक आहे का?"

त्याने वळून दाराकडे पाहिलं.

"नाही?... मग कशावर तरी घ्यावं लागेल."

तो खुर्चीतून उठला.

"काळजी करू नका," ती म्हणाली. "आधी कॉपी काढते."

आणि स्पीकरमधून त्याची मुलगी बोलली. दोन वर्षांची असतानाचा बोबडा आवाज. मग पाच वर्षांची. मग शाळेतून आल्यावरची, दारातूनच. मग मघाची, झोपेतली. लवकर या.

मग त्यातला एक शब्द गेला.

मग दुसरा.

त्याने बटण दाबलं. टेप थांबली नाही. त्याने भिंतीतला प्लग ओढला. चकत्या फिरतच राहिल्या. दार उघडेना. तो ओरडला, पाया पडला, म्हणाला, मी चुकलो, माझं काहीही घे, हे नको.

ती गात होती. तिला घाई नव्हती. पहिलं गाणं. दुसरं. एकेका ओळीखाली मुलीचा एकेक आवाज बुडत होता...

त्याने घड्याळ पाहिलं होतं. अठ्ठेचाळीस मिनिटं.

मग लाल दिवा विझला. दार उघडंच होतं.

तो पळत घरी आला. रस्त्यावरचं कुत्रं ऐकू आलं. लिफ्टचा आवाज आला. किल्ल्या वाजल्या. त्याला वाटलं, सुटलो. मुलीने दार उघडलं. तिचे ओठ हलले.

ती गात होती. मुलगी नाही... ती.

मुलगी घाबरून त्याला हलवून काहीतरी विचारत होती. गाणं पुढे सरकत होतं. मुलगी थांबली की गाणं थांबायचं. बोलली की जिथे थांबलं तिथून पुढे.

"म्हणजे कायमचं?" दादाने विचारलं. त्याच्या आवाजातला मघाचा उत्साह गेला होता.

काका म्हणाले, पोरगी हुशार. दोन-चार दिवसांत पाटीवर लिहायला लागली. पण पाटीवर बाबा लिहिलेलं वाचणं आणि कुणी बाबा म्हणणं यात फरक आहे ना. ती त्याच्यासमोर तोंड उघडेनाशी झाली. तिलाही कळलं होतं की आपण बोललो की बाबांच्या चेहऱ्याचं काय होतं.

मग तीच त्याला काकांकडे घेऊन आली, आणि त्याने हे सगळं काकांना सांगितलं. काकांनी त्याला तपासणीच्या खोलीत बसवलं. ती खोली म्हणजे एक जाड भिंतींचं खोकं, आत एक खुर्ची, एक हेडफोन, बाहेर यंत्र. आवाज ऐकू आला की आतल्या माणसाने बटण दाबायचं, यंत्र कागदावर रेघ काढतं. अर्धा तास तपासणी चालली. तो बटण दाबत होता त्यावरूनच कळलं, त्याचे कान विशीतल्या पोरासारखे होते. शेवटी काकांनी मुलीला माइकसमोर बसवलं. तिने फक्त बाबा म्हटलं. आत तो हेडफोन धरून रडायला लागला.

दादा जरा सावरला होता. म्हणाला, काका, मनाचा खेळ असेल. केलेलं पाप डोक्यात बसलं असेल.

"मीही त्याला तेच सांगितलं," काका म्हणाले. "ती दोघं गेली. मग मी यंत्रातून कागद काढला."

ते उठले. आतल्या खोलीतून एक पिवळी फाइल घेऊन आले आणि त्यातला कागद आमच्यापुढे ठेवला. काकांनी बोटाने दाखवलं. लाल रेघ उजव्या कानाची. निळी डाव्या कानाची. दोन्ही थोड्या वरखाली, माणसाच्या असतात तशा. रेघ जितकी वर, तितका बारीक आवाज ऐकू येतो, असं ते म्हणाले.

त्या दोन्हींच्या वर तिसरी रेघ होती. काळी. कागदाच्या वरच्या कडेला चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

"खोलीत अजून कुणी होतं?" मी विचारलं. त्या रात्री मी एवढंच बोलले.

"एकच खुर्ची मावते तिथे," काका म्हणाले. त्यांनी कागद घडी घालून परत फाइलीत ठेवला. "आणि त्या यंत्राला दोनच पेनं असतात. लाल आणि निळं."