डावी भुवई

“तुमचा पंखा बेसूर आहे.”

हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते. माणसं येताना घाबरलेली असतात. हा मात्र छताकडे बघत उभा!

“त्याला गायला नाही ठेवलेलं,” मी म्हटलं. “वारा घालतो, तेवढं पुरे.”

तो हसला... आणि मी उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले.

तो त्याच्या मामांच्या दुकानात पियानो सुरात लावायचा. हल्ली वरच्या सुरांबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या. कानांचा रिपोर्ट आणल्याशिवाय पियानोला हात लावायचा नाही, असं मामांनी बजावलं होतं.

मी त्याला काचेपलीकडच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. “आवाज म्हणजे हवेची थरथर. सेकंदाला जितकी जास्त थरथर, तितका सूर वरचा. अडीचशेला घुमेल, आठ हजाराला सुईसारखा टोचेल. ऐकू आला की बटण दाबा, माझ्याकडे दिवा लागेल.”

“आणि तुमचा आवाज कितीचा?”

“माझा? घरी मला घोगरी म्हणतात. दोनशेच्या खालीच असेल.”

सगळे दिवे लागले. तो पूर्ण वेळ एकटक माझ्याकडेच बघत होता, आणि मी आपली हवेत. रिपोर्ट स्वच्छ.

मग तो येतच राहिला. कधी पंख्याची चौकशी करायला, कधी नुसताच. मागच्या पायऱ्यांवर चहा पिता पिता ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. माझी ताई म्हणायची, “लोकांचे कान तपासतेस, एकदा स्वतःचं डोकंही तपासून घे.”

तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून तीन महिन्यांनी मामांनी त्याला पुन्हा तपासायला पाठवलं. मी आठ हजाराचा सूर सोडला आणि तेवढ्यात माझं पेन पडलं. मी वाकले. दिवा लागला नाही. वर येऊन पुन्हा सूर सोडला – लगेच लागला.

मी दार उघडलं. “तू ऐकून दाबत नाहीस.”

तो हळूच म्हणाला, “सूर सोडलास की तुझी डावी भुवई वर जाते... जराशीच.”

“म्हणजे भुवई बघत होतास. मला वाटलं, मला बघतोयस.”

“दोन्ही गं. शपथ.” त्याने माझा हात धरला. “या वेळी लिही ना, सगळं ठीक आहे म्हणून. मला दुसरं काही येत नाही.”

मला तो हवा होता, खूप हवा होता. पण खोटा रिपोर्ट दिला असता, तर आज ना उद्या चारचौघांत त्याचं हसं झालं असतं. मी तोंडासमोर फाइल धरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोन हजारापर्यंत दिवे लागले. चार, सहा, आठ... काही नाही. मी तसंच लिहिलं. रिपोर्ट घेऊन तो निघून गेला.

पंधरा दिवसांनी आला तो बॅग घेऊन. त्याच्या दादाचा दुसऱ्या गावी लाकडी सामानाचा कारखाना होता, तिथे तो कामाला निघाला होता.

“माझ्यावर रागावलास?”

“नाही गं. पण मामांच्या दुकानात आता दुसरं कुणी पियानो लावणार... ते मला बघवणार नाही.”

“मग मी?”

त्याने बॅग खाली ठेवली. “वरचे सूर आधी जातात, खालचे मागे राहतात. तू घोगरी आहेस ना... तू शेवटपर्यंत ऐकू येशील.” मग त्याने काचेपलीकडच्या खोलीकडे बोट केलं. “एकदा तपास. शेवटचं.”

मी त्याला हेडफोन चढवले, माझ्या जागेवर येऊन बसले. यंत्र सुरूच केलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले, त्याच्याकडे बघितलं आणि डावी भुवई जराशी वर केली.

दिवा लागला. त्याने बटणावरचं बोट काढलंच नाही.