बेचाळीस पावलं

दुकानदारानं डबा पाठवला तो सकाळी दहाला. दागिन्यांच्या पेटीसारखा जड, आत मऊ कापड, आणि कापडात बोटाच्या पेराएवढा एक बिनतारी माईक, कॉलरला चिमट्यानं लावायचा. मागोमाग त्याचा फोन आला.

"स्वस्तातला तुझ्याकडे आहेच. दोघांची जुंपून दे आणि कुठला घ्यावा ते सांग लोकांना. त्या जुन्याची तर तू आधीच अब्रू काढलीयस. बेचाळीस पावलांत त्याचा दम जातो म्हणालास," आणि दुकानदार हसला.

व्हिडिओवाला हसला नाही. "बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

गल्लीत त्याला सगळे व्हिडिओवालाच म्हणत. नवी यंत्रं आणायची, एकमेकांशी लढवायची आणि निकाल लोकांना सांगायचा, हे त्याचं पोट. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची सासू, दोघंच. बायको जाऊन अकरा महिने झाले होते. सासूला दुसरं मूल नव्हतं, जावयाला आई नव्हती. बुडत्यानं काडी धरावी तसं दोघांनी एकमेकांना धरलं होतं. त्यात काडी कोण आणि बुडता कोण, हे रोज बदलायचं.

माईक तपासायची एक रीत बायकोनंच बसवली होती. माईक छातीशी लावून ती खाली जायची आणि फाटकापासून मोठ्यानं पावलं मोजत चालायला लागायची. हा वर खिडकीत, कानाला हेडफोन. जाणाऱ्यानं बोलायचं आणि बसलेल्यानं ऐकायचं, असा तो एकतर्फी कारभार. उलट उत्तर द्यायची सोय त्या यंत्रात नाही. म्हणून दर दहा पावलांनी ती मागं वळायची, "ऐकताय ना?" विचारायची, आणि हा खिडकीतून पिवळा टॉवेल हलवायचा. पस्तीस पावलांवर गल्लीचं वळण. तिथून पुढं खिडकी दिसत नाही, टॉवेल दिसत नाही, तरी ती विचारायची ते विचारायचीच. एकशे अठरा पावलांवर औषधाचं दुकान. त्याच्या पायरीला पाय लावला की परत फिरायचं, आणि येताना तेच आकडे उलटे मोजत यायचं. म्हणजे हिशोब चुकत नाही, म्हणायची.

त्या दिवशी दुपारी ती स्वस्तातला माईक लावून गेली. आईच्या गोळ्याही संपल्या होत्या. एका फेरीत दोन कामं. वळण गेलं. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. आणि पुढं नुसती बारीक सरसर.

यानं वहीत लिहिलं: बेचाळीसला तुटला. हेडफोन काढला. चहा ठेवला, तिच्या कपावर बशी झाकली. बारा मिनिटांनी औषधाच्या दुकानातला माणूस जिना चढून धापा टाकत आला, की बाई पडल्यात, पाण्याच्या टँकरमागं होत्या, कुणाला दिसल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. आणि म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर...

अकरा महिने त्यानं सगळ्यांना एकच सांगितलं. सेट स्वस्तातला होता, आवाज बेचाळीसला तुटला, मला कळणार कसं? पुढं व्हिडिओतही तो आकडा सांगून टाकला. चार लोकांत म्हटलेली गोष्ट खरी होते, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. पण त्या सेटच्या टेबलावर राहणाऱ्या डबीला एक दिवा होता. माईक पकडीत असला की हिरवा, सुटला की लाल. त्या दिवशी तो कुठला होता, ते यानं पाहिलंच नव्हतं. पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा कधी तपासलंही नव्हतं.

त्यानं खणातून जुना सेट काढून चार्जिंगला लावला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"आज कोण चालणार?" त्यांनी विचारलं.

"चहावाल्याला सांगतो."

"चहावाला वीसच्या पुढं मोजायला लागला की गाळतो. मी जाते."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना माईक लावायचाय का? मी जाते, जावईबापू." आणि खुंटीवरचा पिवळा टॉवेल त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकला.

दुपार टळटळीत होती. गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. सासूबाईंच्या डाव्या खांद्यावर स्वस्तातला, उजव्यावर महागाचा. याच्या डाव्या कानात स्वस्तातला, उजव्यात महागाचा. समोर टेबलावर दोन दिवे, दोन्ही हिरवे.

"एक. दोन. तीन."

उजव्या कानात सासूबाई मांडीला मांडी लावून बसल्यासारख्या. वारा नाही, रस्ता नाही. महागाचं यंत्र सगळा कचरा गाळून नुसतं माणूस देत होतं. डाव्या कानात मात्र चपलांची फटफट, साडीची सळसळ, कुठल्याशा पंख्याची घरघर, म्हातारीचा श्वास. दहावर त्या वळल्या. "ऐकताय ना? हा डावा चिमटा मेला टोचतोय." यानं टॉवेल हलवला.

पस्तीस. त्या वळणाआड गेल्या. डाव्या कानात जरा खरखरलं, मग निवळलं.

चाळीस. यानं श्वास धरला. एक्केचाळीस. बेचाळीस.

"त्रेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. दोन्ही कानांत. दिवा हिरवा.

साठ. ऐंशी. शंभर. डाव्या कानातला एक शब्द अर्धा झाला नाही. टॉवेल त्याच्या मुठीत आवळत गेला.

"एकशे अठरा. ही बघा पायरी," त्या म्हणाल्या, आणि थोडा वेळ त्यांचा श्वास तेवढा ऐकू आला. मग डाव्या कानात खट झालं, तो दिवा लाल झाला, आणि पुढचं सगळं फक्त उजव्या कानात, हलक्या आवाजात. "जावईबापू, टोचणारा मी बंद केला. तुम्हाला कळायचं ते कळलं. आवाज माईकचा नव्हता गेला... माझ्या पोरीचा गेला. मी तुम्हाला बोल लावत नाही. गोळ्या माझ्या होत्या, म्हणून ती गेली. मी कुणाला सांगू? पण त्या मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. एवढंच."

त्यानं तोंडावर टॉवेल धरला. किती वेळ, ते त्याचं त्यालाच माहीत. उजव्या कानात सासूबाई परत निघाल्या होत्या, गप्प.

आणि डाव्या कानात सरसर सुरू झाली.

आधी त्याला वाटलं, आपलंच रक्त कानात वाजतंय. मग पाऊल वाजलं. चपलेचं नव्हे, ती नेहमी घालायची त्या सपाट बुटाचं. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं.

"त्रेचाळीस," बायको म्हणाली.

लाल दिव्याकडे तो बघत राहिला. दिवा लालच होता.

"चव्वेचाळीस..." जिना चढून आलेल्या माणसासारखा आवाज, दम लागलेला. प्रत्येक आकड्याला वेळ लागत होता. पन्नासला ती थांबली. "ऐकताय ना?"

त्यानं टॉवेल हलवला, खिडकीबाहेर, दोन्ही हातांनी. पण वळणापलीकडून कुणाला काय दिसणार?

"ऐकताय ना...?"

मग तो धावला. अकरा महिन्यांपूर्वी धावायला हवं होतं तसा, अनवाणी, जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या टाकत. वळणापुढं, जिथं टँकर उभा राहतो तिथं, सासूबाई कट्ट्यावर बसल्या होत्या. जुना माईक त्यांच्या मुठीत होता. त्यानं मूठ उघडून पाहिली. बंद होता. थंडगार होता.

संध्याकाळी त्यानं दुपारचं ध्वनिमुद्रण लावून पाहिलं. डाव्या बाजूला एकशे अठरानंतर काहीच नव्हतं, सरळ रेघ. त्यानं सासूबाईंना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला माईक खणात बंद ठेवून नुसता हेडफोन कानाला लावला. "एक्कावन्न," ती म्हणाली.

दिवसाला पाच-सात पावलं, जास्त नाही. तिसऱ्या दुपारी सासूबाईंनी काही न विचारता हेडफोन त्याच्या कानावरून उतरवून आपल्या कानाला लावला. डोळे मिटून बसल्या. बऱ्याच वेळानं काढून त्याच्या हातात दिला.

"थकलीय हो ती," एवढंच म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

महागाचा डबा त्यानं दुकानदाराला परत पाठवला. व्हिडिओत खरं ते सांगितलं: पैसे असतील आणि गर्दीत काम असेल तर महागाचा घ्या, तो गोंगाट गाळतो. घरगुती कामाला स्वस्तातला पुरतो, एकशे अठरा पावलं मी स्वतः ऐकलीत, पुढंही जाईल. बेचाळीस हा आकडा चुकीचा होता. चूक माझी होती. दुकानदाराचा फोन आला, "अरे, एवढं अपराध्यासारखं काय सांगतोस? माईकच आहे तो." यानं हं केलं.

एका दुपारी मोजणी एकशे अठरावर पोचली. पायरीवर बूट घासल्याचा आवाज आला.

मग, "एकशे सतरा."

ती परत निघाली होती.

तेव्हापासून पिवळा टॉवेल खिडकीला बांधलेला आहे. उन्हानं विटला तरी सोडत नाहीत. शंभर झाले, सत्तर झाले. बेचाळीसला त्यानं सासूबाईंचा हात धरला. ती तिथं थांबली नाही, पुढं आली. पस्तीसला वळणावर पाऊल अडखळलं, आणि हळूच, हसू आल्यासारखं, "दिसला हो टॉवेल," ती म्हणाली.

त्या रात्रीपासून सासूबाई दाराला आतून कडी लावत नाहीत. दुपारी तीन कप चहा होतो, तिसऱ्यावर बशी.

काल ती "एक" म्हणाली. म्हणजे फाटक.

आज दुपारी दोघं हेडफोन मध्ये ठेवून बसले, दार सताड उघडं. आत सरसर होती, पावलं होती, पण आकडा नाही. तीन मजल्यांचा जिना तिनं कधी मोजलाच नव्हता.