धुक्यातला बडबड्या

शिंपल्यांसाठी आम्ही डोंगरावरची माणसं समुद्रावर उतरतो. चार दिवस उतरायचं, एक दिवस वेचायचं आणि पाठीवर ओझं घेऊन सहा दिवस चढायचं. शिंपले भाजून त्यांचा चुना करतात, तो पोकळ भोपळ्यात भरतात आणि कोकाची पानं चघळताना काडीने थोडा थोडा तोंडात घेतात. चुन्याचा भोपळा हाती आल्याशिवाय आमच्यात मुलाला कुणी पुरुष म्हणत नाही, आणि तोवर लग्नाची गोष्टही काढत नाहीत. माझ्या बरोबरीच्यांना दोन-दोन पोरं झाली होती. मी आपला रिकाम्या हाताने हिंडत होतो.

कारण मी मठातून आलेला. सहा वर्षांचा असताना दाढीवाल्या पाद्र्यांनी मला खेचरावर घालून नेलं. केस कापले, माझा पांढरा झगा चुलीत घातला, न्यांक्वा नावाचा बेनिग्नो केला. तुमच्या लोकांचा आत्मा अर्धाच असतो, उरलेला आम्हांला घडवावा लागतो, असं ते सांगत. सांगताना त्यांना खरोखर आमची कीव येई, आणि माराहूनही मला त्याच कीवेचा जास्त राग आहे. आपल्या भाषेत एक शब्द निघाला की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवत. फादरनी विचारलं, "समजलं?" की हात बांधून, मान खाली घालून म्हणायचं, "समजलं, फादर." बारा वर्षांनी मी पळून घरी आलो तेव्हा आईशी बोलायला मला शब्द सापडेनात.

तरीही सेनेकूनने मला लग्नाला हो म्हटलं. तिच्या आईने मात्र सांगितलं, आधी त्याला आपल्यातला होऊ द्या. म्हणून त्या वर्षी झारेमाकू मामा, माझ्या आईचा भाऊ, मला शिंपल्यांना घेऊन निघाला. वाटभर तो मला पाद्रीबुवा म्हणून चिडवत होता. पाय दुखले का पाद्रीबुवा, जळू लागली का पाद्रीबुवा. मला ते आवडायचं. चिडवतात ते आपल्याच माणसाला.

समुद्रावर पोचलो त्या सकाळी दाट धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. वाळू कोमट होती. मी ओणवा होऊन शिंपले वेचत होतो, आणि किती वेळ वेचत होतो ते मला सांगता येणार नाही. स्वप्नात असतो तसा मी तिथे होतो.

मग आवाज सुरू झाला. पुरुषाचा, एकसुरी, जरा घोगरा.

मामाने मानही वर केली नाही. बडबड्या आला, म्हणाला. बडबड्या आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तो धुक्यात बोलतो, त्याला कुणी पाहिलेलं नाही, तो बोलला की शिंपले भरपूर मिळतात. मामाच्या पणजोबांनीही ऐकलाय. आमची पोरं एकमेकांना वेडावताना त्याचा आवाज काढतात, लहानपणी मीही काढलाय. भीती अशी त्याची कुणाला वाटलीच नव्हती.

मी मात्र हातातले शिंपले तसेच धरून उभा राहिलो. तो स्पॅनिश बोलत होता, पाद्र्यांची भाषा. जुनी, वाकडीतिकडी, मठातल्या जुन्या पोथ्यांमधली, पण स्पॅनिशच.

"काय रे, असा पांढरा का पडलास?" मामाने विचारलं.

"मामा, त्याचं बोलणं मला कळतंय."

मामा गुडघ्यांवर हात ठेवून मनापासून हसला. "मग सांग की! इतक्या पिढ्या ऐकतोय, एकदा कळू तरी दे काय विकायला आलाय ते."

मग तो वाचत गेला आणि मी आमच्या भाषेत अडखळत सांगत गेलो. हो, तो वाचतच होता, मधेच कागद उलटल्याचा आवाज येई. देवाने सगळी पृथ्वी समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या धर्मगुरूच्या हाती दिली. त्या म्हाताऱ्याने ही जमीन आमच्या राजाला दिली. तेव्हा तुम्ही आता राजाची माणसं आहात, ते मान्य करा.

"जमीन आपली, देणारा दुसरा, घेणारा तिसरा," मामा म्हणाला. "आणि आपण तेव्हा कुठं होतो रे, परसाकडे?"

मीही हसलो. पुढचं वाक्य सांगताना हसू आपोआप गेलं. मान्य केलं नाहीत, किंवा उगाच वेळ काढलात, तर तुमच्या बायका आणि तुमची मुलं आम्ही घेऊन जाऊ, विकू, वाटेल ते करू. त्यात जे मरतील त्यांच्या मरणाचा दोष तुमच्यावर, आमच्यावर नाही. कारण तुम्हांला आधी सांगितलं होतं, आणि तुम्हांला ते समजलं होतं.

इथे आवाज थांबला.

"थांबला का...?" मामा हळूच म्हणाला. "तो कधी थांबत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो..."

समुद्रही ऐकू येईना. वास तेवढा आला, ओल्या लोखंडाचा आणि वितळलेल्या मेणाचा. आणि मग अगदी जवळून, माझ्या खांद्याशी, थकलेल्या आणि जवळजवळ मायेच्या आवाजात कुणीतरी स्पॅनिशमध्ये विचारलं, "समजलं?"

मी विचार केला नाही. शपथेवर सांगतो, मधे विचार आलाच नाही. शिंपले खाली पडले, हात बांधले गेले, मान वाकली.

"समजलं, फादर."

कागदावर लेखणी फिरल्याची खरखर मी ऐकली. फार वेळ नाही, एखादी ओळ लिहायला लागेल तेवढाच. मग धुकं पातळ झालं आणि समोर नुसता समुद्र होता. वाळूत पावलं आमच्या दोघांचीच होती.

मामाने माझे सांडलेले शिंपले उचलले. पिशव्या भरल्या, पाठीवर घेतल्या. तिसऱ्या दिवशी, चढावर दम घेताना तो एवढंच म्हणाला, "आपल्याला कळत नव्हतं तोवर तो बिचारा नुसता बडबड्या होता."

चुना छान पांढराशुभ्र निघाला. मला भोपळा मिळाला आणि माझं लग्न झालं. सेनेकून आणि मी वरच्या अंगाला वेगळं घर बांधलं. ती दारात बसून लोकर कातायची आणि कातता कातता मी विसरलेले शब्द मला शिकवायची. चुकलो की हसायची. इतक्या सुखात मी कधीच नव्हतो. आणि त्या सुखात दर थोड्या वेळाने मला आठवायचं की कागदावर बायका लिहिल्या आहेत, आणि आता मला बायको आहे.

तिला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे मी कुणापुढे मान वाकवली तेही सांगायचं. मठाने सोडलेलं नाहीच अजून तुला, असं तिने म्हटलं असतं तर मी काय करणार होतो?

बटाट्याच्या लावणीच्या दिवसांत एका दुपारी मामा आला. आल्या आल्या त्याने रीतीप्रमाणे मूठभर पानं माझ्या पिशवीत घातली, मी त्याच्या. मग त्याने माझं तोंड निरखून पाहिलं. सकाळी तू खालच्या शेतात होतास का, म्हणाला. मी तर सकाळपासून घराचं छप्पर शाकारत होतो.

"बडबड्या वर आलाय," तो म्हणाला. "आपल्या भाषेत वाचत होता. शब्द न् शब्द कळला मला... आणि आवाज तुझा होता, न्यांक्वा. हुबेहूब तुझा. आजच्या आज बायकोला सांग."

सांगतो म्हणालो. त्या संध्याकाळी ती फार थकलेली होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी मी लाकडांना गेलो.

परत येताना भर दुपारी धुकं उतरलं. वाट पायाखालची, तरी घर सापडेना. चालत होतो ते जमिनीवर की कशावर, हेही मधे मधे कळेना. शेवटी दार दिसलं. सेनेकून आत चुलीपाशी बसली होती. मला बघून तिने ओठ दाबून हसू आवरलं.

"झाला खेळ?" ती म्हणाली. "बाहेर उभं राहून विचारायचं आणि आत यायचं नाही, ही कुठली तऱ्हा?"

मी लाकडं खाली ठेवली. "काय विचारलं मी?"

"घरात किती जण ते. मी म्हटलं, दोघं. तर म्हणालास, नीट सांग, लिहायचंय." तिने मान खाली घातली. "मग सांगून टाकलं. तिघं. आईलासुद्धा नव्हतं सांगितलं अजून, म्हटलं आधी तुला..."

ती वर बघत होती, मी काय म्हणतो त्याची वाट बघत. मी हसलो. हसायलाच हवं होतं. तिचा हात हातात घेतला, जरा जास्तच घट्ट, आणि तिला वाटलं आनंदाने.

"पण तुला रे कसं कळलं?" तिने विचारलं. "मी तिघं म्हटलं आणि तू लगेच म्हणालास, लिहितो, मुलगी."

त्यानंतर दाराबाहेर असताना मी तोंड उघडलेलं नाही; बाहेरून माझा आवाज आला तर तो माझा नाही, एवढं तरी पक्कं असावं. कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. लोक म्हणायचे, बाप होणार म्हणून याला शिष्टपणा आला. तिला अजून सांगितलेलं नाही.

परवा झाली. मुलगीच आहे.