सागरच्या वाट्याचा रंग

मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा सरल्या की शेखरचं गाव लागतं. त्या दिवशी गावच्या विठ्ठल मंदिरात त्याच्या बापाचं, नत्थुजींचं कीर्तन होतं. नत्थुजी उभे राहिले की आडदांड माणसाच्याही डोळ्याला पाणी यायचं, असं त्यांचं कीर्तन. टाळकऱ्यांच्या ओळीपुढं, प्रत्येकाच्या पायाशी एकेक रंगीत दिवा लावायचं काम शेखरकडं होतं. हात चालत होते, एवढंच. थोरला भाऊ सागर अकोल्याच्या दवाखान्यातून आला तो पांढऱ्या कापडात. तेव्हापासून शेखर रडला नव्हता, टाळही धरला नव्हता.

भजनी मंडळाची रीत अशी, की टाळकरी गेला तर वर्षभर ओळीतली त्याची जागा मोकळी ठेवायची. मंडळातली जाईबाई प्रत्येकाच्या कपाळी बुक्का लावत जायची. मोकळ्या जागी वाकून चिमूटभर सतरंजीवर ठेवायची आणि पुढं व्हायची.

शेखरनं एलईडी दिव्यांची पट्टी कापून एकेक दिवा सुटा केला, तारांनी जोडला. सागरच्या जागेवरून नुसती तार नेली.

"तिथं दिवा नाही लावला काय रे?" मंडळातल्या म्हाताऱ्या सुभद्रामायनं विचारलं.

"उभं राहणारंच कोणी नाही, माय. दिवा कोणासाठी?"

"मंग तुह्या जागेवर कावून लावला? तू तरी कुठं उभा राह्यतं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज उभा राह्य, बाबू. दोन्ही पोरं गेल्यावानी वाटते तुह्या बापाले."

शेखरनं होकाराची मान हलवली.

दिव्यांना रंग धाडणारा बोर्ड जोडून त्यानं लाल रंग पाठवला. हिरवा लागला. हे नेहमीचंच, काही पट्ट्या हिरवा आधी वाचतात. प्रोग्राममध्ये रंगांचा क्रम बदलला. मग लाल, हिरवा, निळा अशी रंगांची माळ सोडली. मोकळ्या जागेपर्यंत सगळं ठीक. पलीकडं पहिला दिवा त्याचा स्वतःचा. तो लाल हवा होता; हिरवा लागला. पुढचेही सगळे चुकले.

त्यानं अमरावतीला फोन लावला. पट्टी शाकीबच्या दुकानातली.

"शाकीबभाई, तुमची पट्टी अर्ध्यात क्रम बदलून राहिली."

"एका पट्टीत दोन क्रम? असा माल ठेवत नाही आपण. सारे दिवे एकाच रंगात लावून पाहा बरं."

लावले. सगळे लाल. सगळे हिरवे. सगळे निळे.

"मंग क्रम बरोबर हाय, भाऊ. प्रसादाच्या ताटासारखं असते हे. पहिला दिवा आपला रंग काढून घेते, बाकीचं पुढं देते. मधात एक दिवा जास्तीचा लागला अशीन तुमच्याकडून. तो आपला वाटा घेऊन राहिला."

"मधात नुसती तार हाय."



"तार वाटा घेत नसते," शाकीब म्हणाला.

शेखरनं तार बदलली. तेच. मग काही न बोलता त्यानं सागरच्या जागी दिवा जोडला. माळ सोडली. तो दिवा लाल लागला, जसा लागायला हवा होता तसाच.

त्याच्या शेजारचा, शेखरचा, आता हिरवा हवा होता. तो लागलाच नाही. आणि त्याच्या वाट्याचा हिरवा त्याच्या पुढच्या दिव्यात उतरला.

दिवा बदलला. नवा दिवा हातात धरून तपासला तेव्हा लागला. जागेवर बसवला की अंधार. हिरवा पुढच्याकडं.

मृदंगावर थाप पडली. माणसं येऊ लागली.

शेखर आपल्या जागी उभा राहिला. कबूल केलं होतं. हातात सागरचेच टाळ. नत्थुजींनी गजर उचलला, ओळीनं तो झेलला. शेखरनं टाळावर टाळ मारला. तळहाताला काही जाणवलं नाही. एवढ्या गजरात आपला टाळ ऐकू येणार कसा, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

नत्थुजींची नजर ओळीवरून फिरली. सागरच्या जागेशी थांबली. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. मग नजर शेखरवरून पुढं गेली, कुठंही न अडखळता.

जाईबाई बुक्क्याची वाटी घेऊन आली. एकेक कपाळ. एकेक बोट.

सागरच्या जागेपुढं ती वाकली नाही. हात वर केला, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, आणि बोट टेकवलं.

मग ती शेखरसमोर आली.

त्यानं कपाळ पुढं केलं.

जाईबाई वाकली. चिमूटभर बुक्का सतरंजीवर ठेवला, आणि पुढं झाली.