यकृताचं विरजण

मिरजेच्या यकृतसंवर्धन प्रयोगशाळेत बीजयकृताची एकच कुपी तयार झाली होती आणि रुग्ण होते दोन: इंदुमती शेंडगे आणि त्यांची मुलगी शर्मिला. एचआयव्ही दोघींच्या रक्तात तीस वर्षं मुक्कामाला होता. शर्मिलाच्या तर जन्मापासून. गोळ्या एकदाही न चुकवल्यामुळे एड्स दारातच अडला. यकृताचं नुकसान मात्र झालंच.

डॉ. शाहीन मुजावर यांनी ते समजावून सांगितलं. यकृतातल्या पहारेपेशी आतड्यातून येणारी घाण अडवतात. विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो, पहारा ढिला पडतो आणि धुमसणाऱ्या यकृतावर वण चढत जातात. बीजयकृतातल्या पहारेपेशींना विषाणू जी कडी धरून आत येतो, ती कडीच नव्हती. परकेपणाची खूणही पुसलेली, त्यामुळे कुठल्याही शरीरात ते रुजणार होतं. कुपी टोचली की वर्षभरात यकृत नवं.

"मग पोरीला द्या," इंदुमती म्हणाल्या. या बाईनं जन्मात कधी घरच्यांच्या आधी ताट घेतलं नव्हतं, आता थोडीच घेणार. दुसऱ्या कुपीला तीन वर्षं लागणार होती. इंदुमतींच्या हातात सहा महिने होते, शर्मिलाच्या दोन वर्षं. आठवडाभर मायलेकी भांडल्या, पण इंदुमती तसूभर हलल्या नाहीत.

शेवटी शर्मिलानं विचारलं, "आई, विरजण एकाच पातेल्यापुरतं असलं तर दुसऱ्याचं काय करतीस?"

"एकाला लावायचं. लागलं की त्यातलंच चमचाभर दुसऱ्याला."

"यकृत कापलं तरी परत भरतंय. मी आधी घेतलं तर माझं लागंस्तोवर तुझं दूध नासंल. तू आधी घे."

इंदुमतींनी पदर सावरला आणि टोचून घ्यायला बाही वर सरकवली. डॉ. शाहीन शेजारीच उभ्या होत्या. कुपीत पेशी वाढवण्यात तीन वर्षं घालवली आणि माणसातच त्या वाढतात हे सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटली. आनंद त्याहून जास्त झाला.

वर्षानं इंदुमतींच्या निरोगी यकृताचा बोटभर तुकडा शर्मिलात रुजला. तपासणीला आलेल्या इंदुमतींनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर त्यांच्यासोबत एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या, यकृत बिघडलेल्या अकरा बायकांची नावं होती. पुढच्या वर्षी दोन पातेली, मग चार, मग आठ. डॉ. शाहीननी बोटांवर हिशोब केला आणि दुसऱ्या कुपीचं काम थांबवलं.

घरी शर्मिलानं ताट वाढलं. इंदुमती सवयीनं थांबल्या.

"जेव आई. अकरा जणी वाट बघाय लागल्यात."

इंदुमती पहिल्यांदा आधी जेवल्या, आणि दही दोनदा मागून घेतलं.