दोनशे चौदा झाडं

नेमोरी डोंगराच्या उत्तर उतारावर बुनाची, म्हणजे जपानी बीचची, दोनशे चौदा झाडं आहेत. झोपेतून उठवून विचारलंत तरी मी हाच आकडा सांगेन, कारण ती मीच मोजली आणि प्रत्येकाच्या राखाडी खोडावर डोक्याच्या उंचीला मीच पाटी ठोकली. पिवळा पत्रा, काळा रंग, माझं अक्षर. सात वर्षांपूर्वी आमच्या स्की-रिसॉर्टचा एक पाहुणा त्या झाडीत हरवला होता आणि तो सापडेपर्यंत आम्हा गस्तवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून आत कुणी अडकलं की वॉकीटॉकीवर जवळच्या झाडाचा आकडा सांगायचा, आम्ही नेमके तिथे पोचतो. पाट्या रंगवताना आई एवढंच म्हणाली होती, "मोजायचं काम तिचं आहे, इवाओ. तू कशाला मध्ये पडतोस?"

ती म्हणजे डोंगराची देवी. जानेवारीच्या बारा तारखेला ती आपली झाडं मोजते. त्या दिवशी आमच्याकडे कुणी कुऱ्हाडीला हात लावत नाही आणि जंगलात पाऊल टाकत नाही. आत सापडेल तो झाडांत धरला जातो म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण गस्तीचा प्रमुख झाल्यापासून दर बारा तारखेला मी झाडीच्या फाटकाला कुलूप लावत आलो. आई देवळीत बारा मोची, म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, ठेवते, लिफ्टवाले दोन घोट साके घेतात आणि दिवस जातो. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतं?

गेल्या वर्षी बिघडलं. अकरा तारखेला दुपारी सुरू झालेला बर्फ बाराच्या सकाळी थांबला तेव्हा सत्तर सेंटिमीटर साचला होता, कोरडा, तांदळाच्या पिठासारखा. आठ वाजता तिकिटाच्या खिडकीपासून पार पार्किंगपर्यंत रांग लागली होती. प्रत्येकाच्या बगलेत स्नोबोर्ड आणि प्रत्येकाची नजर झाडीकडे.

आमचे व्यवस्थापक कुझे-सान टोक्योहून आलेले. जन्मात कधी बोर्डवर उभे राहिले नाहीत, उंटावरून शेळ्या हाकण्यात मात्र पटाईत. ते गस्तीच्या खोलीत शिरले आणि त्यांच्यामागून तोशिया, माझा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांचा, आमच्या खोऱ्यात त्याच्यासारखा बोर्ड चालवणारा दुसरा नाही. दोन महिने तो कुझे-सानच्या मागेपुढे करत होता. माझी जागा त्याला हवी होती, हे मला लिफ्टवाल्यांकडून कळलं होतं. नववर्षापासून आम्ही एका टेबलावर जेवत होतो आणि एक शब्द बोलत नव्हतो.

"ओनोदेरा-सान, असा बर्फ वर्षातून एकदा पडतो," कुझे-सान म्हणाले. "आणि तुम्ही कुलूप लावून बसलात?"

"आज बारा तारीख आहे."

तोशिया खो खो हसला. "अहो, दादाला देवी पळवून नेईल ना! एवढी तंतरते तर गस्त सोड की रे. आईच्या शेजारी बसून मोची वळ. तेवढं जमेल तुला."

दारात उभी असलेली गस्तीची पोरंही हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जुडग्यातून किल्ली काढली आणि त्याच्या अंगावर भिरकावली.

"जा. वाट तूच तपासून ये. ठीक असली तर पाहुण्यांना सोडू."

नवी वाट तपासायला प्रमुखानेच जायचं, हा माझाच नियम. त्या दिवशी मी तो मोडला. मनात काय होतं तेही सांगतो. तोंडावर आपटावा आणि सगळ्यांनी बघावं, एवढंच. त्याहून वाईट काही मी चिंतलं नव्हतं. हे मी आईलाही सांगितलं आहे.

फाटकाच्या दोरीपाशी मी उभा राहिलो. तोशियाने पायांचे पट्टे आवळले, माझ्याकडे न बघता कुलूप काढलं आणि झाडीत उडी घेतली. बर्फ त्याच्या छातीपर्यंत उसळत होता. पहिल्या तीन वळणांवर तो आनंदाने ओरडला. उतरत होता देखणा, मला रागातही कबूल करावं लागलं. मग खोडांआड त्याचं लाल जाकीट दिसेनासं झालं आणि ओरडणंही थांबलं.

वारा नव्हता. एकाही फांदीवरून बर्फ गळत नव्हता. मागे लिफ्टची चाकं फिरताना दिसत होती, पण त्यांची घरघर ऐकू येईना. मी कानावरची टोपी वर केली. तरीही नाही.

वॉकीटॉकी खरखरला.

"दादा, दोनशे पंधरा कुठे येतं?"

"दोनशे पंधरा नाहीच आहे. नीट वाच."

"नीटच वाचतोय. अक्षर तुझंच आहे. ही कधी ठोकलीस?"

"तोशिया, थट्टा पुरे."

"मी कुठे थट्टा करतोय?" तो जरा थांबला. "तू आणखी कुणाला आत सोडलंस का? एक बाई मोजतेय."

मग मलाही ऐकू आलं. त्याच्या आवाजामागे, दूर. ओसरीत टांगलेले मुळे घरची बाई मोजते ना, तसा आवाज. घाई नाही, राग नाही.

"एकशे नव्वद. एकशे एक्क्याण्णव."

"पट्टे काढ," मी म्हणालो. "बोर्ड तिथेच टाक आणि चालत वर ये."

"काढलेत. पाय निघत नाहीयेत."

"बर्फात रुतले असतील. खण."

"खणलं रे." त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "बर्फ संपला. पाय त्याच्याही खाली गेलेत."

मी उजवा पाय दोरीपलीकडे टाकला.

"दोनशे चार. दोनशे पाच."

"दादा, तू येऊ नकोस. ऐक माझं. आत येऊ नकोस. आईला मग..."

पुढचं आलं नाही.

मी धावत सुटलो, असं सांगायला मला आवडलं असतं. मी धावलो नाही. एक पाय आत, एक बाहेर, दोरी मांड्यांमध्ये, तसाच उभा राहिलो.

"दोनशे तेरा. दोनशे चौदा."

मी ओठ दाबून धरले.

"दोनशे पंधरा."

ती तिथे थांबली नाही. तिने पुढच्या आकड्यासाठी श्वास घेतला. तो वॉकीटॉकीतून आला नाही, माझ्या कानाशी आला.

मी पाय बाहेर काढला.

त्याच क्षणी सगळ्या झाडांवरून एकदम बर्फ कोसळला आणि लिफ्टची घरघर परत सुरू झाली.

अकरा दिवस आम्ही शोधलं. कुत्री आणली, लांब काठ्या खुपसून इंच न् इंच पाहिला. त्याच्या बोर्डाची रेघ एका कोवळ्या बुनापाशी संपत होती. पुढे काही नाही, बाजूला काही नाही. झाडाला पाटी होती. खिळा गंजलेला होता. मे महिन्यात वनखात्याच्या माणसाने खोडाला बारीक छिद्र पाडून वर्षांची वलयं मोजली आणि म्हणाला, एकतीस. कुझे-सान म्हणाले की मोजताना तुमचीच चूक झाली असणार. आईने तोशियाचा लोकरी मफलर त्या खोडाला गुंडाळला, घट्ट गाठ मारली आणि घरी आली. किल्ली कुणी दिली, हे तिने मला एकदाच विचारलं होतं. त्या उत्तरानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. वर्षभर माझं ताट मीच वाढून घेतलं.

आज अकरा जानेवारी. सकाळपासून बर्फ पडतोय. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आईने माझ्यासाठी चहा ओतून ठेवला होता. वर्षात पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

तिच्या गुडघ्याशी वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर एक पिवळी पाटी वाळत होती. दोनशे सोळा. हुबेहूब माझं अक्षर. लहानपणी माझा हात धरून ते वळण तिनेच लावलं आहे.

"चहा घे," आई म्हणाली. "उद्या लवकर जायचंय तुला. तो एकटा आहे तिथे."