टाच उचलून

शटल जाळीजवळ पडत होतं. मी झेपावले आणि… फट्! टाचेवर कुणीतरी सणसणीत लाथ घातली. मी खाली बसले ती मागे वळूनच.

मागे एक अनोळखी तरुण उभा होता. हातात शेजारच्या कोर्टवरून घरंगळत आलेलं त्याचं शटल, चष्मा नाकावर घसरलेला.

"दिसत नाही का हो? लाथ काय घालता!"

तो क्षणभर गोंधळला. मग गुडघ्यांवर बसला.

"चुकलं माझं. पाय हलवू नका… घरी कुणाला फोन करू?"

हॉस्पिटलमध्ये सर्जनबाईंनी माझी पोटरी दाबून पाहिली. पाऊल जागचं हललं नाही.

"पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर तुटलीय, अकिलीस टेंडन. ऑपरेशन करू. आणि लाथ वगैरे कुणी मारलेली नाही बरं का, ती तुटताना सगळ्यांना तसंच वाटतं."

माझे बूट हातात धरून चष्मेवाला दारातच उभा होता. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"मग चुकलं कशाला म्हणालात?"

"तुम्ही इतक्या कळवळत होतात… वाद घालायची ती वेळ होती का?"

सर्जनबाईंनी तुटलेली टोकं शिवली. आधी प्लॅस्टर, मग टाचेखाली उंच थर घातलेला जाडजूड बूट. आई मला न्हाऊ घालायची, वर दामटायची. आणि व्यायामाच्या दिवशी गाडी घेऊन दारात तो हजर!

"आरोपीला हजेरी चुकवून चालेल का?"

बुटातला एकेक थर निघत गेला, तशी माझी भीडही. कुबड्या सुटल्या तरी जिन्यात त्याचा हात माझ्या कोपराजवळ असायचा, न टेकता. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हेच कळेना.

व्यायाम घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "दुखऱ्या पायावर एकटीनं टाच उचललीस की तुझी सुट्टी."

सुट्टी म्हणजे गाडी नाही, जिना नाही, तो नाही! एका सकाळी ओट्याला धरून मी टाच उचलली… उचलली गेली! डोळे भरून आले. पण ताईंसमोर मात्र, "छे, जमतच नाही!" ताई पोटरी चाचपून कोड्यात पडायच्या.

शेवटी एकदा बाहेर पडताना तो जिन्याच्या तोंडाशी थांबला.

"पुढच्या वेळेपासून मी येत नाही. माझ्यासमोर तुम्हाला अवघडल्यासारखं होतंय… म्हणून अडलंय सगळं."

मी सरळ कठड्याला हात लावला, चांगला पाय वर घेतला आणि दुखऱ्या पायाची टाच उचलली.

तो बघतच राहिला. "कधीपासून जमतंय?"

"बरेच दिवस. सांगितलं असतं तर तुम्ही यायचं थांबला असतात."

"म्हणून… लबाडी?"

"म्हणूनच. तुमचे आभार मानायचेत मला, पण आभार मानून तुम्हाला निरोप द्यायचा नाहीये. आवडता तुम्ही मला."

पाय थरथरायला लागला. या वेळी त्याचा हात माझ्या कोपराला टेकला. घट्ट.

"खाली ये आधी. शीर नवी आहे."

"नाही. इथून डोळे नीट दिसतात तुझे."

तो कानापर्यंत लाल झाला.

"उद्या येशील?" मी विचारलं.

"उद्या तर व्यायाम नाही तुझा."

"नाहीच आहे."

"मग येतो," तो म्हणाला.